पट्ट्यांमधला कागद

फ्रीजच्या स्टॅबिलायझरनं टक् केलं, तेव्हा कुठं मुबश्शिराच्या ध्यानात आलं की सकाळपासून घरात कुणी एक शब्द बोललेलं नाही. व्होल्टेज पडलं की तो टक् करतो, चढलं की पुन्हा करतो. नांदेडच्या उन्हाळ्यात, देगलूर नाक्याच्या या गल्लीत ते दिवसभर चालतं आणि एरवी तिला ऐकूही येत नाही. पण आज तिच्या हातात केरसुणी होती, समोर फरशीवर तिच्या लेकीनं, उमैमानं, ओलांडायचं नाही म्हणून अनसनं खडूनं आखलेलं रिंगण होतं, आणि रिंगणाच्या आत अनस, तिचा धाकटा भाऊ, तिच्याकडे पाठ करून बसला होता. त्या एवढ्याशा आवाजासरशी दोघांनीही मान वर करून छताच्या बल्बकडे पाहिलं. बल्ब हलत नव्हता. दोघांनी माना खाली घातल्या. लातूरच्या माणसांची ही खोड तिच्या नवऱ्याला, मुज्तबाला, अजून नवलाची वाटते. तिचं एक ठीक होतं. भूकंपात ती सहा वर्षांची होती, तिनं फळीवरची भांडी चालत चालत कडेपर्यंत येताना पाहिली होती. अनस तर नंतर जन्मलेला. त्यानं काहीच पाहिलं नव्हतं, तरी बल्बकडे बघणं त्याला येत होतं. अम्मीच्या दुधातूनच आलं असेल.

रिंगणाच्या कडेला दोन ट्रान्सफॉर्मर शेजारी शेजारी ठेवले होते. एक मुज्तबानं इतवाऱ्यातल्या भंगारवाल्याकडून आणलेला, कुठल्याशा मेलेल्या रेडिओतला, गंजून तांबूस झालेला. दुसरा अब्बांच्या हातचा. केर काढायचा म्हणून तिनं अब्बांचा उचलला. मुठीत मावेल न मावेल एवढा, पण दिसण्यापेक्षा जड. झोपलेलं मूल उचलल्यावर हात जसा खाली जातो तसा तिचा हात थोडा खाली गेला. अंगठा सवयीनं त्याच्या लोखंडी कडेवरून फिरला, पट्ट्यांच्या थरांवरून, जिथं एक बारीक रेघ लागायला हवी तिथं पोचला, आणि थांबला. रेघ नव्हती. तिनं पुन्हा फिरवला. नव्हती.

"आपा, खाली ठेव ना ते," अनस मागं न बघता म्हणाला.

तिनं ठेवला. केर तसाच राहिला, केरसुणी हातातच राहिली, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाण्याच्या घागरीवरचं झाकण काढून परत लावत उभी राहिली.

अनस गिटारचा ॲम्प्लिफायर बनवत होता. मुज्तबा त्याला तुझ्या भावाचा डबा म्हणायचा. गिटार मूळची त्याची नव्हती; लातूरला क्लासमध्ये त्याच्या बाकावर होस्टेलात राहणारा, हदगावचा शिवम नावाचा पोरगा होता, तो वर्ष अर्ध्यात सोडून बापाबरोबर गावी गेला, आणि ट्रंकेबरोबर एसटीत गिटार कुठं घेऊ म्हणून अनसकडे ठेवून गेला तो पुन्हा आलाच नाही. डबा मात्र अनसचा स्वतःचा. ट्रान्झिस्टरचे आयते मिळतात की बाजारात, असं मुज्तबा म्हणाला होता, तर अनस म्हणाला, दुल्हेभाई, वॉल्वचा आवाज आधी गरम व्हावा लागतो, मग बोलतो. तेवढंच एक वाक्य तो इथं आल्यापासून सलग बोलला असेल. हिवाळा संपता संपता अब्बा गेले. अम्मी लातुरात इद्दतीत बसलेली, उंबरा ओलांडायचा नाही. आणि अनस त्या घरात खात नाही, पीत नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडतो म्हणून अम्मीनं त्याला बहिणीकडे धाडलं होतं. तुझ्यापाशी बोलल तो, अम्मी फोनवर म्हणाली होती, तूच खेळवलाय त्याला. तो तिच्यापाशीही बोलत नव्हता. डबा उघडायचा, सगळ्या जोडण्या सोडवायच्या, पुन्हा एकेक डाग देत जोडायच्या, गिटार लावायची, तार छेडायची. आवाज यायचा, पण चिखलात रुतलेल्या पायासारखा, वर निघूच न शकणारा. मग तो स्विच बंद करून बराच वेळ तसाच बसायचा. वॉल्वच्या काचेतला तांबडा डोळा विझेपर्यंत त्याच्याकडे बघत. आत करंट बसून राहतो आपा, लगेच हात नाही लावायचा, असं तो सांगायचा, पण तो त्यासाठी बसत नव्हता हे तिला कळायचं. जूनमध्ये क्लासची नवी बॅच, रिपीटरची, परीक्षा पुन्हा देणाऱ्यांची. जाणार का, असं तिनं एकदा विचारलं होतं. त्यानं नखानं खडूची रेघ खरवडली. "हे एवढं जरी माझ्याच्यानं झालं ना आपा, तर पुढचं बघीन म्हणतो. हे पण नाही झालं तर मग समजायचं." काय समजायचं, हे तिनं विचारलं नाही. त्या दिवसापासून ती मोरीच्या दाराची कडी आतून लागली की बाहेर काहीतरी काम काढून उभी राहायची, आणि कडी निघाली की तिथून हलायची.

अब्बांचं दुकान लातूरला गंजगोलाईच्या मागं होतं. बाहेर भोंगे टांगलेले, आत आवाज वाढवायच्या मशीनी; लग्नाला, उरुसाला, गणपतीला नजीरभाईचाच लाउडस्पीकर. मदरशातून सुटली की मुबश्शिरा तिथं स्टुलावर जाऊन बसायची आणि तिचं एक ठरलेलं काम होतं. अब्बा जळालेले ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळायचे. तांब्याची केसाएवढी तार फिरवून झाली की लोखंडाच्या पट्ट्या भरायच्या, काही इंग्रजी ई सारख्या, काही आय सारख्या सरळ. मंडपातली मोठी मशीन, दोन वॉल्वची, असेल तर पट्ट्या आलटून पालटून भरायच्या, एक ई इकडून, एक तिकडून, गच्च, सुईसुद्धा जाऊ नये. पण रेडिओचा असेल, एकाच वॉल्वचा, तर सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये कागदाची पट्टी; कडेवरून अंगठा फिरवला की तिची रेघ लागायला हवी. ती पट्टी कापायचं काम तिचं. लग्नपत्रिकांचा कागद त्याला बरोबर लागायचा आणि लग्नपत्रिका तर त्या दुकानात पोत्यानं. ती जीभ बाहेर काढून कात्री चालवायची आणि अब्बा न बघता हात पुढे करायचे, आणि ती त्या हातावर कागद ठेवायची. कशाला हो कागद, असं तिनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "एका वॉल्वचा करंट एकाच बाजूनं दाबत राहतो बेटा. मधी जागा नसंल तर लोखंड भरून जातं. पोट तटतटून जेवलेल्या माणसाला गाणं म्हण म्हटलं तर म्हणल का तो?" आणि हसले होते. मग तो ट्रान्सफॉर्मर लाखेत बुडवायचे, अम्मीच्या जुन्या दुधाच्या पातेल्यात. लाख पाजली की थर थराला धरतो, मग तो पुन्हा उघडत नाही.

अनसचा डबा एका वॉल्वचा होता. आणि अब्बांनी त्यासाठी गुंडाळून दिलेल्या ट्रान्सफॉर्मरात पट्ट्या आलटून पालटून, गच्च भरल्या होत्या. कागद नव्हता.

चुकले असतील, असं तिनं घागरीशी उभ्या उभ्या ठरवून पाहिलं. शेवटी शेवटी हात थरथरत होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. वर्षानुवर्षं तर नुसते स्टॅबिलायझर नि इन्व्हर्टर गुंडाळले, त्यात पट्ट्या आलटून पालटूनच. हात त्याच सवयीनं गेला असेल. किंवा हात पुढे केला असेल आणि त्यावर कागद ठेवायला कुणी नसेल. ती तर केव्हाच लग्न होऊन नांदेडला आलेली. हे शेवटचं तिला एवढं खरं वाटलं की क्षणभर बरं वाटलं, सगळं आपल्याच अंगावर घेतलं की वाटतं तसं. पण मग अनसनं आल्यापासून एकेका तुटक वाक्यात सांगितलेलं आठवलं. अब्बा आधी नाहीच म्हणत होते. बारावी होऊ दे, नीट डॉक्टरकीला लाग, मग काय वाजवायचं ते वाजव. मग एक दिवस अचानक म्हणाले, बरं, देतो गुंडाळून. अनस त्या दिवशी त्यांच्या पाया पडायचा बाकी होता. आणि पहिल्यांदा तार छेडली, तो रुतलेला आवाज आला, तेव्हा अब्बा दारात उभे होते. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. म्हणाले, "तुझ्या जोडणीत काहीतरी राहिलं असल बघ. आता सोड. पेपर झाल्यावर बघू."

मान तिरकी करून ऐकलं. अब्बांना रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षातला भोंगा ऐकून त्याचा कुठला भाग गेलाय ते सांगता यायचं.

ती परत बाहेरच्या खोलीत आली. अनस ओणवा होऊन डब्यातल्या एका वायरीचं टोक चाकूनं खरवडत होता. त्याच्या मानेवर घामानं खडूची भुकटी चिकटली होती. "अनस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच फार सहज वाटला, "हा दुल्हेभाईनं आणलेला लावून बघ की एकदा. लावून बघायला काय जातंय."

"नक्को."

"अरे, बघायला तर काय..."

"आपा, अब्बांनी हातानं केलेल्यावर मला आवाज काढता येत नाही. भंगारातल्यावर काढून काय करू? त्याच्यानं काय सिद्ध होतं?" त्यानं वायर तोंडात धरली, दातानं सोलली. "त्यांनी माझ्यासाठी केलेली तेवढीच एक चीज हाय. ती चांगलीच हाय. मीच कुठं कमी पडून राहिलो ते सापडंना."

सांगून टाकावं. एवढं सोपं होतं. इकडे ये, अंगठा फिरव, ही रेघ नाही. पाच मिनिटांत त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. पोरगा नालायक नाही, त्याच्या जोडण्या पहिल्या दिवसापासून बरोबर असतील. पण ओझं उतरून ठेवायचं कुठं, तर ज्याची कबर अजून धड बसलेली नाही त्या माणसाच्या छातीवर. बापानं आपल्याला फसवलं, आणि फसवून वर तुझंच चुकतंय म्हणाला, हे ऐकल्यावर हा पोरगा काय करेल. आणि न सांगावं तर तो असाच डाग देत बसणार, जूनपर्यंत, आणि मग समजायचं. तिला एकदम अब्बांचा राग आला, एवढा की डोळ्यांत पाणी आलं, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटली. जनाजा उठताना रडली नव्हती एवढं तिला आत्ता रडावंसं वाटत होतं, आणि समोर उमैमा बसून केळ्याचं साल सोलत तिच्याकडे बघत होती.

भूकंपाच्या आदल्या रात्री अब्बांची मशीन किल्लारीकडच्या एका गावात होती. गणपती बोळवले, लोक रात्रभर नाचून दमून झोपले, आणि ज्याच्या घरी दरवर्षी ते उतरायचे तो व्यंकट नावाचा शेतकरी म्हणाला होता, नजीरभाई, आता कुठं जाता, पडा इथंच, सकाळी सगळं मिळूनच न्या. अब्बा थांबले नाहीत. मुबीला, म्हणजे तिलाच, ताप होता घरी. मशीन तिथंच ठेवून आले, आणि पहाटे सगळं झालं. उजाडताच ते परत गेले, मशीन आणायला नव्हे, व्यंकटला बघायला. लिंबाच्या झाडावर बांधलेला भोंगा तसाच होता, झाडही होतं, गाव नव्हतं. मशीन ढिगाऱ्यातून निघाली. अब्बांनी ती जीपच्या बॅटरीवर चालवली आणि त्याच भोंग्यातून, ज्यातून काल गाणी वाजली होती, सापडलेल्यांची नावं पुकारली. कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणी ओळखत असेल तर शाळेच्या पटांगणात यावं. घसा पूर्ण बसेपर्यंत. घरी आले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, आणि कितीतरी दिवस सगळं घर पटांगणात उघड्यावर झोपायचं तेव्हा ते तिच्या कपाळावर हात ठेवून, ताप नसतानाही, बसून राहायचे. मग त्यांनी भोंगे विकले. आवाजाचा धंदा नको, एवढंच म्हणाले. पण आवाज त्यांना सोडत नव्हता. लातुरात क्लास वाढत गेले, गोलाईपासून पार बार्शी रोडपर्यंत पाट्याच पाट्या, पाट्यांवर नंबर आलेल्या पोरांचे हसरे चेहरे, होस्टेलं, मेस, आणि एकेका हॉलमध्ये एवढी पोरं की सरांना माइकशिवाय शिकवताच येईना. तिथली मशीन बिघडली की पुन्हा नजीरभाईच. शेवटच्या बाकावर बसून ऐकायचे, सरांचा आवाज नीट येतो का. एकदा तिला म्हणाले होते, "आपण जिंदगीभर वर भोंगा बांधत बसलो. आपला पोरगा तरी खाली बसून ऐकणारा होऊ दे." सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला आत्ता आठवता आठवत नव्हतं, आणि ते आठवलं असतं तर सगळं कळलं असतं असं वाटत होतं.

बरं, केलं असेल मुद्दाम. पण उलटंच झालं की. पोराला चांगला आवाज आला असता तर अर्धा तास वाजवून तो पुस्तकाकडे वळला असता, दमून झोपला असता. रुतलेला आवाज आला म्हणून तो रात्ररात्र त्या डब्यात डोकं घालून बसला, पेपर हातचे जाऊ लागले. अब्बांना ते दिसत होतं. घरातल्या घरात, रोज. आणि ज्याला रोज दिसतं त्याला रोज सांगता आलं असतं, आणि प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं असेल. थंडीत एकदा त्यांचा फोन आला होता. उमैमाला आंघोळ घालत होती ती, फोन खांद्यात धरून, हाताला साबण. तब्येतीचं झाल्यावर ते म्हणाले, "मुबी, तू कागद कापायचीस ते आठवतं का गं तुला?" हौ अब्बा, ती म्हणाली, नंतर लावते, पोरगी कुडकुडतीय. नंतर लावला नाही. लावला होता, पण दुसऱ्याच कशासाठी तरी, आणि मग तेही राहिलं.

शुक्रवार होता. अनसनं आंघोळ केली, पांढरा कुडता घातला, अत्तर लावलं, अब्बांची टोपी घातली. "जुम्म्यावरून आलो की जोडतो पुन्हा," तो डब्याकडे बघून म्हणाला, "शेवटचं एकदा." मुज्तबा अर्धापूरला केळीच्या आडतीवर गेलेला, तिकडंच नमाज पढणार. दार लागलं. मुबश्शिरा रिंगणापाशी उभी राहिली, आणि मग खडूची रेघ ओलांडून आत जाऊन बसली.

"अम्मी," उमैमा म्हणाली, "तू आत गेलीस."

"हौ. तू पण ये. पण हात मी सांगीन तिथंच लावायचा."

डबा तिनं जुन्या चादरीनं झाकून बाजूला सारला. ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेतला. चार स्क्रू, अब्बांनी आवळलेले, हात थरथरत असतील तरी कसे आवळले होते, पेचकस दोनदा निसटला आणि तिच्या तळव्याला लागला. मेलेल्या माणसाची कपाटं उघडताना वाटतं तसं वाटलं. कुणी बघत नसतं तरी मागं बघितलं जातं. पहिली पट्टी कधीच सहजी निघत नाही. लाखेनं धरलेली असणार, म्हणून सुरी तापवायला तिनं गॅसही पेटवला होता. पण सुरीचं टोक थंडच लावून बघितलं आणि पट्टी सुटली. दुसरी सुटली. तिसरी. कोरड्या, स्वच्छ, एकमेकींना न धरलेल्या. तिनं तार गुंडाळलेली बॉबिन नाकाशी नेली. लाखेचा वास नव्हता. अब्बांनी ह्याला लाख पाजलीच नव्हती.

त्या माणसानं कधी कुणाच्या रेडिओचा, पै न देणाऱ्याचासुद्धा, ट्रान्सफॉर्मर लाखेशिवाय दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता. पेपर झाल्यावर बघू. खरंच बघणार होते. एखाद्या दुपारी पोरगा बाहेर गेलेला बघून, असंच मांडीवर घेऊन, चार स्क्रू काढून, पट्ट्या वेगळ्या करून मध्ये कागद सरकवणार होते, आणि मग लाख. आणि संध्याकाळी पोरानं तार छेडल्यावर दारात उभं राहून म्हणणार होते, बघ, सापडली का चूक. असंच असेल. किंवा लाख संपली असेल. किंवा नुसतेच विसरले असतील, कागद विसरले तशी लाखही. तिच्या हातात पट्ट्यांचा ढीग वाढत होता आणि तिला कुठलंच एक धरून ठेवता येत नव्हतं. एक धरलं की दुसरं बोटांतून निसटायचं. गॅस बंद करायला ती उठली आणि ओट्याशी उभी राहून तोंडात पदर कोंबून रडली, थोडीशी, नळ सोडून. परत आली तेव्हा उमैमानं न सांगता दोन ढीग केले होते.

"हे ई आहेत," ती म्हणाली. नुकतीच शाळेत अक्षरं शिकलेली. "आणि हे आय. आय पुष्कळ सोपा असतो ना?"

"हौ, सोपा असतो."

मग सगळे ई एका बाजूनं. एकावर एक, कडेला कड. बोटांना सगळं येत होतं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच. समोर सगळे आय, गड्डी करून. आता कागद. "नानांनी इथं कागद घातला नव्हता, आपण घालू," ती पोरीला म्हणाली. लग्नपत्रिका घरात एकही नव्हती, रद्दीवाला कालच येऊन गेलेला. वहीचा कागद पातळ, पुठ्ठा जाड. उमैमा अनसची पिशवी धुंडाळून क्लासचं माहितीपत्रक घेऊन आली, गुळगुळीत, जाडसर, वर नंबर आलेल्या पोरापोरींचे चेहरे. मुबश्शिरानं ते बोटांत चोळून पाहिलं. बरोबर लागणार होतं. कात्री चालवताना आपली जीभ बाहेर आलीय हे तिला उमैमाच्या बाहेर आलेल्या जिभेवरून कळलं. कुठल्यातरी मुलीचं कपाळ आणि डोळे पट्टीवर आले. तिनं ते आतल्या बाजूला वळवले. न बघता हात पुढे केला, आणि उमैमानं त्यावर पट्टी ठेवली. स्क्रू आवळले. अंगठा कडेवरून फिरवला. रेघ लागली.

हे मामूला सांगायचं नाही हं, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. पोरगी तिच्याकडे इतक्या मन लावून बघत होती, पुढचं काम काय म्हणून, की ते शब्द तिला काढता आले नाहीत. आपल्या बापानं एवढंच तर केलं होतं, एक गोष्ट सांगितली नव्हती. तिनं पोरीचे हात धुतले, ट्रान्सफॉर्मर होता तिथं, भंगारातल्याच्या शेजारी ठेवला, आणि पुसल्या गेलेल्या ठिकाणी खडूची रेघ जोडून घेतली.

अनस आला. खिचडी-खट्टा जेवला, चवीनं नाही पण जेवला. रिंगणात बसला आणि दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरकडे बघितलंसुद्धा नाही. अब्बांचा उचलला, कुडत्याच्या टोकानं पुसला, डब्यात बसवला. त्याचा अंगठा कडेवरून गेला नाही. त्याला ते माहीतच नव्हतं, ते फक्त तिला शिकवलं होतं. एकेक डाग दिला. रांग्याचा धूर पंख्याखाली तुटत गेला. "उमैमा, मागं सरक," तो म्हणाला, आणि स्विच दाबला. वॉल्व आधी काळाच राहिला, मग आत कुठंतरी एक लाल ठिणगी धरली, पसरली. त्यानं सगळ्यात जाडी तार अंगठ्यानं नुसती खाली सोडली.

आवाज आला तो खोलीत मावला नाही. फडताळातल्या काचेच्या पेल्यांनी तो घेतला, तिच्या पायाखालच्या फरशीनं घेतला. जाड, गोल, उबदार, आणि कितीतरी वेळ विझेना. तिनं बल्बकडे बघितलं नाही. अनसनंही बघितलं नाही. त्यानं दुसरी तार छेडली, मग तिसरी, मग सगळ्या मिळून, मग हात तसाच तारांवर ठेवून तो तिच्याकडे वळला आणि त्याचा चेहरा, कितीतरी महिन्यांनी, तिनं खेळवलेल्या पोराचा होता.

"ऐकलंस ना, आपा?"

"ऐकलं."

"मीच होतो. माझीच जोडणी चुकून राहिली होती कुठंतरी. अब्बा बोललेच होते मला, अन् मी त्यांच्यावर..." त्यानं नाक कुडत्याच्या बाहीला पुसलं. "मनात मी काय काय बोललो असेन त्यांना. म्हटलं, म्हाताऱ्याचा हातच गेला आता. अन् बघ."

तिनं मान हलवली, हो अशी की नुसतीच, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"अम्मीला फोन लाव. तिला ऐकवतो. त्यांना ऐकवायचं राहिलं, तिला तरी ऐकवतो."

ती फोन शोधायला वळली. उमैमा रेघेच्या अगदी कडेला, बोटं न टेकवता, उकिडवी बसली होती. "मामू," ती म्हणाली, "सगळे ई मी लावले."

"कुठले ई गं?" अनस हसत म्हणाला. तो खरंच हसत होता. "काय म्हणून राहिली ही, आपा?"

पोरीनं त्याच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, आणि मग सावकाश तोंड वर करून आईकडे, शाळेत न समजलेलं विचारताना बघते तसं.

"अम्मी, नानांनी कागद का घातला नव्हता?"